एक ते चोवीस

रुग्णालयात तिला तिच्या नावाने हाक मारणारं माणूस शोधूनही सापडलं नसतं. सगळे तिला चिठ्ठीबाई म्हणत, अगदी तोंडावर, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. तळघरातल्या स्विचच्या खोलीत जेवढ्या वायरी होत्या, त्या प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना तिने स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. कुठून आली, कुठे चालली, कधी बसवली. तिसऱ्या मजल्यावरचा एक डॉक्टर एकदा गमतीने म्हणाला, ही बाई सलाइनच्या नळीलासुद्धा चिठ्ठी लावेल. ती म्हणाली, "लावायलाच हवी. तुम्ही लावत नाही का?" डॉक्टरला ते कबूल करावं लागलं, कारण खरोखरच लावायला हवी असते.

एकविसाव्या वर्षी ती या रुग्णालयात टेलिफोनच्या बोर्डावर लागली. कानाला हेडफोन, समोर दिवे लुकलुकणारा बोर्ड, दिवसभर 'थांबा, जोडते' एवढंच काम. पुढे बोर्ड गेला. तिच्याबरोबरच्या दोघी केसपेपरच्या खिडकीवर गेल्या आणि तिथेच निवृत्त झाल्या. ही मात्र कॉम्प्युटरच्या वायरी टाकायला आलेल्या माणसाच्या मागे लागली. तो शिडीवर चढला की ही खालून वायर धरायची, तो डबा खायला बसला की ही प्रश्न विचारायची. बिचाऱ्याने वैतागून तिला दोन जाडजूड पुस्तकं आणून दिली, म्हणजे निदान जेवताना तरी शांतता मिळेल. तिने ती दोन्ही पाठ केली. एकतीस वर्षांत तिच्या हातून एकदाही चुकीची वायर चुकीच्या जागी गेली नाही, आणि ही गोष्ट ती कुणाला सांगत नसली तरी मनात रोज एकदा मोजून घ्यायची. माणसाला कशाचा तरी अभिमान हवाच. हिने तो लोखंडी डब्यांचा बाळगला.

स्विच म्हणजे तरी दुसरं काय, भोकं भोकं असलेला लोखंडी डबाच. प्रत्येक भोकाला पोर्ट म्हणतात. प्रयोगशाळेची यंत्रं, वॉर्डातले मॉनिटर, जिन्यावरचे कॅमेरे आणि भेटायला आलेल्या लोकांच्या मोबाइलसाठीचं वायफाय, हे सगळं असल्याच डब्यांमध्ये येऊन मिळतं, पण एकाने दुसऱ्याकडे डोकावता कामा नये. म्हणून प्रत्येक पोर्टला सांगून ठेवावं लागतं की तू अमुक गटाचा. गटांना नंबर असतात. प्रयोगशाळा वीस, वॉर्ड तीस, कॅमेरे चाळीस, पाहुण्यांचे मोबाइल नव्वद. यंत्राला बिचाऱ्याला स्वतःचा नंबर ठाऊकही नसतो, त्याच्याकडे माहितीचा माल येतो तो बिनचिठ्ठीचा, अनटॅग्ड. पण एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाणारी वायर एकच, आणि तिच्यातून चारही गटांचा माल जातो. तिथे मात्र प्रत्येक पुडक्यावर नंबर लागतो. त्याला म्हणतात टॅग्ड. नवीन नर्सबाईंना ती समजावून सांगायची, "घरातल्या घरात वाटी दिली-घेतली तर तिच्यावर कुणी नाव घालतं का? पण चार घरांचे डबे एका पिशवीतून पाठवायचे असले तर प्रत्येक डब्यावर नाव हवं. एवढंच आहे हे."

एवढंच होतं, आणि एवढ्यासाठी ती डोळ्यांत तेल घालून बसायची. तिचे दोन नियम होते. पहिला, स्विचवर काही बदलायचं तर दोघांनी बसायचं. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने पडद्यावरचं मोठ्याने वाचायचं. आधी डब्याचं नाव, मग पोर्टचा नंबर, मग गटाचा, आणि मगच एंटर. दुसरा नियम, एका वेळी एकच पोर्ट. स्विचला 'एक ते चोवीस' असं एका ओळीत सांगता येतं, तो ऐकतोही मुकाट्याने. पण तिचं म्हणणं असं, की एका दमात चोवीस चुका करायची सोय ज्याने काढली त्याला कामाची घाई नव्हती, घरी जायची घाई होती.

वाचणारी दुसरी म्हणजे तिची पाठची बहीण. रुग्णालयात सगळे तिला धाकटी म्हणत.

दोघींमध्ये चौदा वर्षांचं अंतर. धाकटी चौथीत असताना वडील गेले, आणि आई त्या धक्क्याने वर्षभर खोलीच्या बाहेर आली नाही. धाकटीच्या वेण्या घालणं, तिचे पाढे घेणं, तिच्या शाळेत पालक म्हणून जाऊन बसणं, हे सगळं मोठीने केलं. लग्नाचं वय कधी येऊन गेलं हे तिला कळलं नाही असं लोक म्हणतात. तसलं काही नव्हतं. चांगलं कळलं होतं. दोनदा विचारणाही झाली होती, आणि दोन्ही वेळा तिने घरातल्या दोन माणसांकडे बघून नाही म्हटलं होतं. पुढे धाकटी कॉम्प्युटरचं शिकली, तिचं लग्न झालं, दोन मुलं झाली. नवरा फिरतीच्या नोकरीवर, म्हणजे घरी कमी आणि फोनवर जास्त. तीन वर्षांपूर्वी चिठ्ठीबाईने साहेबांकडे शब्द टाकला आणि धाकटीला आपल्या हाताखाली घेतलं. ती अजून कायम झाली नव्हती. यंदाच्या वर्षअखेरीला होणार होती.

खरं बोलायचं तर धाकटीचा हात मोठीपेक्षा चलाख होता. तिला ते ठाऊकही होतं, आणि 'चिठ्ठीबाईची बहीण' अशी ओळख करून दिली की तिचा चेहरा क्षणभर उतरायचा. मोठीला ते दिसायचं. ती मनात म्हणायची, होईल मोठी, सोडेन मी जागा, तीच बसेल या खुर्चीवर. धाकटीच्या लॉगिनने स्विचचं नुसतं बघता यायचं, बदल करता यायचा नाही. बदल करायचा तो मोठीच्या लॉगिनने. आणि मोठीचा पासवर्ड धाकटीला पाठ होता. नियमात हे बसत नव्हतं, पण सख्ख्या बहिणीपासून काय लपवायचं.

त्या मंगळवारी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. मोतीबिंदू काढून चार दिवस झाले होते, तपासणी होती. दवाखाना दोन रस्ते पलीकडे. चिठ्ठीबाई रजेचा अर्ज लिहायला बसली तर धाकटीने तो हातातून काढून घेतला.

"एवढ्याशा कामाला अर्ज कशाला? तासाभरात येशील. जा तू, मी आहे ना."

"आणि नव्या हॉलचा स्विच?"

"आल्यावर करू दोघी. जा आता, आई दारात उभी असेल."

ती गेली. नोंदवहीत सही न करता गेली. एकतीस वर्षांतली पहिलीच वेळ.

नव्या प्रतीक्षागृहासाठी चोवीस पोर्टचा नवा स्विच बसवला होता. त्याचे सगळे पोर्ट नव्वदमध्ये टाकायचे होते, म्हणजे पाहुण्यांच्या वायफायची खोकी त्यांना जोडता आली असती. ताई येईपर्यंत कशाला थांबायचं, म्हणून धाकटी बसली. पडद्यावर दोन खिडक्या उघड्या होत्या, एक नव्या स्विचची, एक प्रयोगशाळेच्या. दोन्ही काळ्या, दोन्हींत पांढरी अक्षरं, फरक काय तो ओळीच्या सुरुवातीच्या डब्याच्या नावात. मोठ्याने वाचायला कुणी नव्हतं. धाकटीने एक ते चोवीस, गट नव्वद, असं एका ओळीत लिहिलं आणि एंटर मारलं. चुकीच्या खिडकीत.

अकरा वाजून दहा मिनिटांनी प्रयोगशाळेची सगळी यंत्रं पाहुण्यांच्या गटात जाऊन बसली. रक्ताचे रिपोर्ट यंत्रातून बाहेर पडेनात. गंमत अशी, की हे पहिल्यांदा कळलं ते एका फोटोमुळे. जुन्या प्रतीक्षागृहात बसलेल्या कुण्या आजोबांनी मोबाइलवर नातवाचा फोटो बघता बघता भलतीकडेच बोट लावलं, मोबाइलला जवळचा प्रिंटर सापडला, आणि प्रयोगशाळेत रिपोर्टच्या कागदावर एक दात नसलेलं हसरं पोर छापून बाहेर आलं. तिथली मुख्य बाई तो कागद हातात धरून उभी राहिली. ज्याचा मोबाइल आपल्या प्रिंटरपर्यंत पोचतो, तो आपल्या रिपोर्टांपर्यंतही पोचेल, हे तिच्या लगेच लक्षात आलं. आणि तिकडे शस्त्रक्रियेच्या टेबलावर घ्यायचा एक माणूस रक्ताच्या रिपोर्टवाचून तासभर बाहेर खोळंबला. त्याला काही झालं नाही, पण त्याच्या भावाने दोन पानी तक्रार लिहिली.

चिठ्ठीबाई आईला घरी सोडून परत आली तेव्हा खोलीच्या दाराशी चार माणसं उभी होती आणि आत धाकटी पांढरीफटक पडून बसली होती. मोठीने पडद्याकडे एकदा बघितलं. कपाटातून आपली वही काढली आणि पोर्टमागून पोर्ट, चोवीसच्या चोवीस, परत वीसमध्ये आणले. सात मिनिटं लागली. माणसं गेल्यावर धाकटी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

"ताई, खिडकी चुकली गं माझी. माझं आता काही खरं नाही."

"चुकते खिडकी. कुणी मेलं नाही ना? जाऊ दे. आपण सांगू काय झालं ते."

आपण, असं ती म्हणाली. तिच्या डोक्यात सगळं सरळ होतं. पासवर्ड देण्याची चूक तिची, न सांगता बाहेर जाण्याची चूक तिची, खिडकीची चूक धाकटीची. दोघी उभ्या राहतील, दोघी बोलणी खातील, साहेब ओरडतील आणि प्रकरण मिटेल. उलट तिने ठरवलं होतं, की धाकटी बोलायला उठली की आपण मध्येच तोडून सांगायचं, साहेब, हिला शिकवायला मी कमी पडले.

चौकशी नवव्या दिवशी झाली. साहेबांच्या खोलीत साहेब, प्रयोगशाळेची मुख्य बाई आणि या दोघी. साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त कागदावर जे असेल ते खरं मानणारा होता. त्याच्यापुढे स्विचच्या नोंदीचा कागद होता. वेळ अकरा दहा. लॉगिन चिठ्ठीबाईचं. एक ते चोवीस, गट नव्वद.

"हे तुमचंच लॉगिन ना?"

"हो, लॉगिन माझं आहे," चिठ्ठीबाई म्हणाली, आणि थांबली. धाकटी बोलेल म्हणून थांबली.

धाकटी टेबलाच्या कडेकडे बघत होती.

"साहेब," मोठी पुन्हा म्हणाली, "मी एका वेळी एकच पोर्ट करते. एकतीस वर्षांतला कुठलाही कागद काढून बघा. असं एका ओळीत चोवीस मी कधीच केलं नाही."

साहेबांनी चष्म्यावरून धाकटीकडे बघितलं. "तुम्ही रोज यांच्याबरोबर असता. हे खरं?"

"एरवी ताई एकेकच करते," धाकटी म्हणाली. आवाज स्वच्छ होता. "घाई असली की कधीकधी एकदम करते."

"आणि त्या वेळी तुम्ही दोघी खोलीत होता?"

"मी कॅमेऱ्याची वायर बघायला जिन्यावर गेले होते. ताई खोलीत होती."

चिठ्ठीबाईला पहिल्यांदा वाटलं, हिने प्रश्न नीट ऐकला नाही. मग तिला वाटलं, घाबरलीय, आत्ता सुधारेल. धाकटीने सुधारलं नाही. तिने पाण्याचा ग्लास उचलला, दोन घोट प्याली आणि ग्लास होता तिथेच परत ठेवला. हा हात आपण धरून अक्षरं गिरवून घेतली, हे चिठ्ठीबाईच्या मनात आलं.

ती बोलू शकली असती. पण काय दाखवणार? नोंदवहीत तिची सही नव्हती, म्हणजे कागदावर ती खोलीतच होती. दवाखान्याच्या कागदावर नाव आईचं, वेळही आईची. सोबत कोण आलं होतं ते कोणी लिहीत नाही. फाटकावरच्या कॅमेऱ्यात ती जाताना नक्की दिसली असती, तो कॅमेरा तिनेच तर चाळीसमध्ये घातला होता. पण त्याचं चित्रण सात दिवस राहतं, आणि आज नववा दिवस होता. त्या सात दिवसांत ते काढून ठेवायचं तिच्या मनातही आलं नाही. सख्ख्या बहिणीविरुद्ध पुरावा कोण गोळा करून ठेवतं? ज्यांच्यावर संशय असतो त्यांच्यासाठी माणूस पुरावे ठेवतो.

"मी खोलीत नव्हते," ती शेवटी म्हणाली.

"मग कुठे होता?" साहेबांनी विचारलं.

तिने धाकटीकडे बघितलं. धाकटीने या वेळी वर बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत विनवणी नव्हती. आता पुरे कर, एवढंच होतं. खरं सांगितलं तर धाकटी खोटी ठरणार होती, आणि ते चिठ्ठीबाईच्या तोंडून निघेना. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ते असं. त्या खोलीत आपल्याला कुणी ओळखत नाही, असं तिला वाटलं, आणि जी ओळखत होती तिनेच ओळख नाकारली होती.

साहेबांनी कागदावर लिहिलं: निष्काळजीपणा, आणि विचारल्यावर टाळाटाळ. निष्काळजीपणाचं तिला तितकं लागलं नाही. टाळाटाळ हा शब्द मात्र ती कितीतरी वेळ वाचत राहिली. स्विचचा कारभार तिच्याकडून काढून घेतला गेला. तिला केसपेपरच्या खिडकीवर बसवलं, बोर्ड गेल्यावर तिच्या दोघी मैत्रिणी गेल्या होत्या तिथे. कारभार धाकटीकडे आला. त्यासाठी तिला वर्षअखेरीपर्यंत थांबवलं नाही, त्याच आठवड्यात कायम केलं.

शुक्रवारी चिठ्ठीबाईने वह्या दिल्या, किल्ल्या दिल्या, कुठल्या पोर्टची खाच सैल आहे आणि कुठल्या स्विचचा पंखा आवाज करतो ते सांगितलं. धाकटी लिहून घेत होती. मध्येच म्हणाली, "ताई, तू रागावलीस ना?" चिठ्ठीबाईने पुढची वही तिच्यापुढे सरकवली. रागावणं हा फार लहान शब्द होता. परक्याने केलं असतं तर ती चार शिव्या घालून मोकळी झाली असती. केसाने गळा कापणारी माणसं जगात असतात हे तिला माहीत होतं. केस आपणच विंचरलेले असतील, हे माहीत नव्हतं.

घरी तिने आईला काही सांगितलं नाही. आईचा डोळा नाजूक होता, रडायला डॉक्टरने मनाई केली होती. दोन दिवस ती 'काम जास्त आहे' एवढंच सांगत राहिली. पण रविवारी सकाळी आईच्या डोळ्यात औषध घालताना तिच्याच्याने राहवलं नाही. आई पलंगावर मान मागे टाकून पडली होती, खिडकीतून ऊन येत होतं, आणि या जगात एक तरी माणूस असं होतं जे त्या मंगळवारी अकरा दहाला तिच्या शेजारी बाकावर बसलं होतं. तिने सगळं सांगितलं. खिडकी चुकल्यापासून टाळाटाळ या शब्दापर्यंत. शेवटी म्हणाली, "आई, तू एकदा साहेबांना फोनवर सांगशील का? एवढंच सांग, की त्या वेळी मी तुझ्याजवळ होते."

थेंब डोळ्यात मुरेपर्यंत आई पापणी मिटून पडून राहिली. मग म्हणाली, "ती आली होती बुधवारी. चौकशीच्या आदल्या दिवशी, तू कामावर असताना. इथे बसून खूप रडली."

"काय म्हणाली?"

"सगळं म्हणाली. ताईचं नाव पुढे करू का, म्हणून विचारत होती." आईने चादर सारखी केली. "मीच म्हटलं, कर. तिची नोकरी गेली तर दोन पोरं आहेत तिच्या पदरात. तुझं काय, तू एकटी. तुझं भागतं."

चिठ्ठीबाई हातात बाटली धरून उभी राहिली. धाकटीचं तिने कसंतरी गिळलं होतं. भीतीने माणूस काहीही बोलून जातं, असं स्वतःला समजावत तिने दोन दिवस काढले होते. आता समजावण्यासारखं काही उरलं नाही. तिच्या मागे, तिच्याच घरात, तिच्याच पलंगावर बसून दोघींनी तिचा निकाल लावला होता, आणि संध्याकाळी ती आल्यावर आईने तिला नेहमीसारखं 'जेवलीस का' असं विचारलं होतं.

"तुम्ही मला विचारलं असतं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, "तर मी हो म्हटलं असतं, आई. मी स्वतःहून जाऊन सांगितलं असतं की मीच केलं."

"ते का मला ठाऊक नव्हतं?" आई शांतपणे म्हणाली. "म्हणून तर विचारलं नाही."

मग तिने मान पुन्हा मागे टाकली आणि दुसऱ्या औषधासाठी डोळा उघडून धरला. चिठ्ठीबाई बाटली टेबलावर ठेवून बाहेर निघून गेली, आणि आईने दोनदा हाक मारली तरी ती खोलीत परत आली नाही.